दारामागं काय आहे

वडनेरला कृषी सहायक म्हणून माझी पहिली नेमणूक झाली. ज्या घरात मला पुढची खोली भाड्यानं मिळाली, तिथं मालकीणबाईंशिवाय कोणी राहत नाही असं मला सांगितलं होतं. म्हणून दुसऱ्याच दिवशी दुपारी चारच्या सुमाराला भिंतीपलीकडून जे ऐकू आलं, त्यानं मी खाटेवर उठूनच बसले.

"दार उघड. सीधेपणानं उघड, नाई तर तेल ओतून पेटवून देतो."

मग शांतता. मग काहीतरी टणटण करत लाकडावर घरंगळलं. आणि मग तोच आवाज, पण आता अगदी समजुतीचा. "बरं बाप्पा. नको उघडू. मी खिडकीतून येतो."

आमच्याकडं बायका 'मी येते' म्हणतात. इकडं बायकासुद्धा 'मी येतो' म्हणतात हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्यामुळं पलीकडं कोण पुरुष कोणाच्या खिडकीतून येतोय, या काळजीनं मी मधलं दार ढकललं. मालकीणबाई एकट्याच टेबलापाशी बसल्या होत्या. समोर कागद, पेन्सिली, तुरीचे दाणे, सीताफळाच्या बिया आणि इंजेक्शनच्या बाटल्यांची रबरी बुचं.

"कोण आहे?" मी विचारलं.

"चार पहारेकरी," त्या मान वर न करता म्हणाल्या. "त्यातले दोन झोपून राह्यले. तू आवाज नको करू."

त्या निवृत्त नर्स होत्या. तीस-बत्तीस वर्षं गावोगावच्या उपकेंद्रांत काढलेल्या. त्यांचं नाव घेऊन कोणी हाक मारल्याचं मी कधी ऐकलं नाही. अख्खं गाव 'सिस्टरबाई' म्हणायचं, त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठी माणसंसुद्धा. उंच, सडपातळ बाई, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. पांढरं लुगडं मात्र निवृत्तीच्या दिवशी जे सोडलं ते सोडलं. त्यानंतर जांभळा, नारिंगी, पोपटी, असेच रंग नेसायच्या. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही असं मी एकदा विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "वेळ नाई भेटला. लोकायचीच बाळंतपनं करून राह्यली होती ना." दर रविवारी त्या स्वतःची नखं कापायच्या आणि मग माझा हात ओढून माझीही तपासायच्या. मी सरकारी नोकरीतली चोवीस वर्षांची बाई होते, पण नखं दाखवायचे.

तर त्यांचा खेळ. पुस्तकातला एक मोठा काल्पनिक मुलूख असतो. किल्ले, भुयारं, राक्षस, जादूगार, दरोडेखोर, सगळं काही. त्यात आपण एक माणूस व्हायचं आणि त्याला घेऊन साहसाला निघायचं. एरवी हा खेळ चार-पाच जण टेबलाभोवती बसून खेळतात आणि त्यातला एक जण सूत्रधार असतो. कोणत्या दारामागं काय आहे हे त्यालाच माहीत. बाकीच्यांनी विचारायचं, त्यानं सांगायचं. सिस्टरबाई एकट्या खेळायच्या. सूत्रधाराच्या जागी त्यांच्याकडं फासे होते. त्यातला एक वीस तोंडांचा, हिरव्या काचेसारखा.

"प्रश्न आधी लिवा लागते," त्यांनी मला समजावलं. "'पहारेकरी जागा आहे काय?' मंग अंदाज लिवायचा, बहुधा हो का बहुधा नाई. मंग फासा. फासा पडल्यावर लिवलं तर आपन लबाडी करतोच. मानसाचा हातच तसा आहे."

अंदाज 'बहुधा हो' असेल, तर फाशावर सहाच्या वर काहीही आलं की उत्तर हो. 'बहुधा नाही' असेल, तर चौदाच्या वर यायला हवं. बाकी सगळी गोष्ट त्या स्वतः रचायच्या, मोठ्यानं बोलत, सगळ्यांचे आवाज काढत. रोज चार ते सहा. त्या वेळात दारावर कोणी आलं, तर त्या आतूनच ओरडायच्या, "कोनाचा पाय मोडला काय? नाई ना? मंग सहा वाजता येजो."

त्यांच्या राज्याचा नकाशा एका जुन्या लसीकरणाच्या तक्त्याच्या पाठीवर काढलेला होता. उजेडाकडं धरला की डोंगररांगांतून गोवराची तारीख दिसायची. तुरीचे दाणे म्हणजे सैनिक, सीताफळाच्या बिया म्हणजे राक्षस, रबरी बुचं म्हणजे गावकरी. आणि एक पितळी बटण होतं, ती झिपरी.

झिपरी ही त्यांची नायिका. धंद्यानं चोर. नर्सबाईंनी चोर का व्हावं, या माझ्या प्रश्नावर त्या म्हणाल्या, "जिंदगीभर कपाटाच्या चाब्या सांभाळल्या. आता कुलूपं तोडतो. तुले काही अडचन?" मला काही अडचण नव्हती. सहा वर्षं त्या झिपरीला घेऊन त्या मुलखात हिंडत होत्या. अकरा वह्या भरल्या होत्या.

हा खेळ त्यांच्या हाती लागला तो पुण्यात. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी त्या भाच्याकडं महिनाभर राहिल्या होत्या. भाच्याच्या घरी दर शनिवारी त्याचे मित्र-मैत्रिणी जमून खेळायचे. सिस्टरबाई डोळ्यावर हिरवी पट्टी लावून कोपऱ्यात ऐकत बसायच्या. तिसऱ्या शनिवारी सूत्रधार मुलगा आलाच नाही. आदल्या आठवड्याची गोष्ट एका भुयाराच्या लोखंडी दारापाशी थांबलेली होती. बाकीच्यांनी अर्धा तास वाट पाहिली, पिझ्झा मागवला आणि गप्पा मारून उठले.

"मले असा राग आला," त्या सांगायच्या, आणि सांगतानाही त्यांना तो यायचा. "एक मानूस नाई आला, तर दारामागं काय आहे थे कोनीच पाहू नये काय? उपकेंद्रात डॉक्टर नाई आला, तर मी बाईले म्हनत होती काय, की बाई थांब, बाळंत नको होऊ?"

त्या संध्याकाळी त्यांनी भाच्याकडून फासे मागून घेतले आणि ते दार एकटीनं उघडलं. आत काय निघालं? "काईच नाई. खाली खोली. पन मी उघडून तर पाह्यली!" जगात इतरही माणसं असं एकेकटी खेळतात हे त्यांना पुढं भाच्यानं मोबाईलवर दाखवलं, तेव्हा त्यांना आनंद झाला नाही. "मंग? असतीनच," एवढंच म्हणाल्या.

मला वाईट वाटायचं. एवढ्या हुशार बाईनं रोज एकटीनं चार पहारेकऱ्यांचे आवाज काढावेत! एका रविवारी मी म्हटलं, "आज मी होते सूत्रधार. तुम्ही फक्त झिपरी व्हा." त्यांनी जरा विचार केला आणि खेळाचं पुस्तक माझ्याकडं सरकवलं.

झिपरी एका सावकाराच्या गढीत शिरली होती. मी जमेल तशी गोष्ट पुढं नेली. कुत्रा भुंकेल म्हणता म्हणता मी त्याला झोपवलं. तिजोरीची किल्ली सापडेना, तेव्हा मी ती गालिच्याखाली ठेवली. सिस्टरबाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

"तू मले जिंकवून राह्यली."

"नाही हो. किल्ली तिथंच होती."

"नव्हती. माह्या तोंडाकडं पाह्यलं तू, अन् मंग ठेवली." त्यांनी पुस्तक परत ओढून घेतलं. "तू चांगली पोरगी आहे. पन तुह्यापेक्षा फासा बरा. त्याले मी आवडत नाई."

त्यानंतर मी त्या टेबलापाशी पुष्कळदा बसले, पण प्रेक्षक म्हणून. भाजी निवडत, नाहीतर माझे पीक-पाहणीचे तक्ते भरत. मला वाटणारी कीव हळूहळू ओसरली आणि तिच्या जागी चक्क हेवा आला. आमच्या कचेरीतली माणसं दिवसभर एकमेकांना विचारून निर्णय घ्यायची आणि तरी कोणाचाच नसायचा. ही बाई एकटी होती, पण तिचं कुठलंही काम अर्धवट पडलेलं मी पाहिलं नाही.

गावाला या खेळाचा अर्थ आपल्या परीनं लागला होता. सिस्टरबाई फासा टाकतात, फासा हो किंवा नाही सांगतो, आणि सिस्टरबाई खोटं बोलत नाहीत. म्हणजे झालंच की! हरवलेली शेळी परत येईल का, पोराला नोकरी लागेल का, सोयाबीन आत्ता विकावं की थांबावं. सहा वाजले की ओट्यावर एक-दोघं बसलेलेच असायचे. सिस्टरबाई सगळ्यांना पाणी द्यायच्या आणि परत पाठवायच्या. लोकांना वाटायचं, बाई भाव खाऊन राहिली.

एके दिवशी पलीकडच्या गल्लीतल्या काकू सुनेला घेऊन आल्या. खाऊनपिऊन सुखी शेतकरी घर. सून आठव्या महिन्यातली, दारापाशीच थांबली. काकूंनी इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर आवाज खाली आणला.

"सिस्टरबाई, एकच प्रश्न आहे. पोरगा का पोरगी, तेवढं फाशाले विचारा. मशीनवर तर कोनी सांगत नाई आता."

मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला होते. मला वाटलं आता भडका उडणार. नर्सबाईंचा चेहरा लाल झालाही. पण त्या काकूंकडं पाहतच नव्हत्या. त्यांची नजर दारातल्या सुनेवर होती.

"हे पाह्य," त्या म्हणाल्या, "हा फासा फक्त त्याच गोष्टी सांगते, ज्या अजून कुठंच नाईत. तुह्या सुनेच्या पोटात जे आहे, थे आहेच. त्याले काय विचारायचं?" मग सुनेला, "तू इकडं ये गं. बस. तोंड कवापासून सुजलं?"

"चार दिवस झाले," सून म्हणाली.

"डोकं दुखते?"

"हो."

"डोळ्यासमोर चमकते?"

सुनेनं सासूकडं पाहिलं, मग मान हलवली. काकू म्हणाल्या, "गर्मीनं होते तसं. आमालेबी होत होतं." सिस्टरबाई तोवर आतून बीपीचं यंत्र घेऊन आल्या होत्या. पट्टा बांधला, फुगा दाबला, कान लावला. पुन्हा एकदा मोजलं. मग नळी कानातून काढली आणि एकदम वेगळ्याच आवाजात बोलल्या. मी त्यांचे पहारेकरी ऐकले होते, राक्षस ऐकले होते, हा आवाज कधी ऐकला नव्हता. तो त्यांचा नोकरीतला आवाज असणार.

"वरचं एकशे सत्तरच्या वर आहे. आत्ता हिंगनघाटले न्या लागते. आत्ता म्हंजे आत्ता."

"पोराचे बाबा वावरातून आले की..." काकू म्हणाल्या.

"तोवर हिले झटके येईन अन् मंग दोघंबी हाती लागनार नाई. समजलं?" त्या माझ्याकडं वळल्या. "सरकारी गाडीले फोन लाव. अन् लावून झाला की सडकेवर जाय अन् जे दिसन थे थांबव. गाडीची वाट पाहत नाई बसत मी."

मी रस्त्यावर एक पिकअप थांबवला. मागं पोती होती. सिस्टरबाईंनी पोत्यांवर गादी टाकायला लावली, सुनेला डाव्या कुशीवर झोपवलं आणि स्वतः तिच्या डोक्यापाशी चढून बसल्या, नारिंगी लुगड्यात. काकूंचा हात धरून मी मागं चढले. सबंध वाटेत सिस्टरबाई त्या मुलीशी बोलत होत्या. माहेर कोणतं, शाळेत कोणता विषय आवडायचा, पहिल्यांदा पोळी कोणी शिकवली. मुलगी गुंगीत गेली की गालावर टिचकी मारून पुढचा प्रश्न.

तासाभरात सिझर झालं. मुलगी झाली, जेमतेम पावणेदोन किलोची, पण खणखणीत रडली. आईलाही वाचवलं. दवाखान्याच्या पायरीवर काकू डोक्याला हात लावून बसल्या होत्या. सिस्टरबाई त्यांच्याशेजारी बसल्या. आपल्या पदरानं त्यांचा घाम पुसला.

पंधरा-वीस दिवसांनी काकू नारळ घेऊन आल्या. सिस्टरबाईंनी नारळ बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "पेढे काऊन नाई आनले? पोरगा असता तर आनले असते ना?" काकू जीभ चावून गेल्या. दुसऱ्या दिवशी किलोभर पेढे आले. ते ओट्यावर ठेवून सिस्टरबाईंनी येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला बोलावून दिले. देताना सांगायच्या, "घ्या, पोरगी झाली." त्यानंतर लोक फाशासाठी यायचे थांबले आणि बीपीसाठी यायला लागले.

आता झिपरीबद्दल सांगायला हवं, कारण सिस्टरबाई मला खऱ्या अर्थानं कळल्या त्या त्या दिवशी.

झिपरी एका डोंगरी किल्ल्यात शिरली होती. सरदारानं डांबून ठेवलेले अठरा गावकरी सोडवायचे होते. हा पराक्रम तीन आठवडे चालला होता. मी कचेरीतून लवकर यायचे, निव्वळ पुढं काय झालं ते बघायला. त्या दिवशी एकेक करत सगळे गावकरी दोरीच्या पुलावरून पार झाले, सगळी रबरी बुचं टेबलाच्या त्या टोकाला. झिपरी मागं राहून दोर धरून उभी. पहारेकऱ्यांनी पूल तोडला.

सिस्टरबाईंनी लिहिलं, 'झिपरी उडी मारून पलीकडं पोचते काय? बहुधा हो.' फासा टाकला. दोन.

त्यांनी ओठ ओले केले. पुन्हा लिहिलं, 'पडताना तुटका दोर हाती लागते काय? बहुधा हो.' हिरवा फासा फिरत फिरत नकाशाच्या कडेपर्यंत गेला आणि थांबला. एक.

आम्ही दोघी त्या एकाकडं पाहत राहिलो. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं आणि वहीत लिहिलं, 'मृत्यूची वेळ, पाच वाजून बारा मिनिटे.' अक्षर नेहमीसारखंच, सरळ.

माझ्याच्यानं राहवलं नाही. "पुन्हा टाका ना, सिस्टरबाई. फासा कडेला गेला होता, धरायचा नाही तो. कोण बघतंय इथं?"

मला वाटलं त्या रागावतील. त्यांनी चष्मा काढला आणि लुगड्याला पुसत बसल्या.

"एकदा केलं होतं तसं."

त्या तेव्हा नव्या होत्या, दुसऱ्या तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर. एका बाईच्या बाळंतपणाचा निरोप आला. सायकल पंक्चर होती. त्यांनी म्हटलं, दुरुस्त होऊ दे, पहिलटकरीण आहे, वेळ लागेल. तासभर थांबल्या. पोचल्या तेव्हा रक्तस्राव थांबण्यापलीकडं गेला होता. बाई गेली. चौकशी होणार म्हटल्यावर वरचे साहेब आले आणि म्हणाले, निरोप मिळाल्याची वेळ एक तास पुढं लिहा. सगळ्यांचीच नोकरी वाचेल.

"मी लिवली," सिस्टरबाई म्हणाल्या. "चारचे पाच केले. एक आकडा. कोनीच पाह्यत नव्हतं." चष्मा पुसणं थांबलं. "मंग तिचा नवरा आला. त्याले रजिस्टर वाचून दाखवलं साहेबानं. निरोप भेटल्याबरोबर सिस्टर निंघाली, असं होतं ना त्यात. त्यानं माह्ये पाय धरले, पोरी. म्हने, तुम्ही तर धावत आले, आमचं नशीबच खोटं."



"तवापासून मी जे झालं थेच लिवतो," त्या म्हणाल्या. "कोनी पाहो का न पाहो. बटनाचं असलं तरी."

"त्या माणसाला सांगितलंत कधी?"

"सांगितलं. दोन वर्सांनी गेली त्याच्या घरी. सगळं सांगितलं, साहेबाचं नाव नाई घेतलं, माह्यंच सांगितलं. तो काईच नाई बोलला. चहा केला होता, थो तसाच राह्यला. निंघताना म्हने, परत येऊ नका. नाई गेली मी." त्यांनी चष्मा चढवला. "वरती अर्जबी केला होता मी, माह्यी चूक लिवून. बदली झाली, पगारवाढ थांबली. नोकरी राह्यली. मले वाटलं होतं जाईन."

मग त्यांनी पितळी बटण उचललं, पुसलं आणि अकरा वह्यांबरोबर एका डब्यात ठेवलं. अठरा बुचं मोजून वेगळ्या पुडीत बांधली. ते अठरा लोक सुटले होते, हे त्यांनी वहीत मृत्यूच्या वेळेखाली लिहिलं, आणि त्याखाली रेघ मारली. रात्री भाकरी आणि वांग्याची भाजी केली, माझ्या ताटात नेहमीसारखी एक भाकरी जास्त वाढली. रडल्या नाहीत. मी रडले, भांडी घासताना.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम अर्धी रजा टाकून घरी आले. त्यांना एकटं वाटेल म्हणून. चार वाजता त्या टेबलापाशी कोरी वही उघडून बसलेल्या होत्या. पोपटी लुगडं, केस नुकते विंचरलेले. नवा माणूस घडवायचा तर तीन साधे, सहा तोंडांचे फासे टाकून त्याचे गुण ठरवतात, आधी ताकद, मग चपळाई, मग अक्कल. त्यांनी ताकदीसाठी फासे टाकले. एक, एक, एक. याहून कमी पडूच शकत नाही.

मी हळहळले. त्या मात्र त्या तीन ठिपक्यांकडं डोकं एका बाजूला कलवून पाहत होत्या, नवा पेशंट तपासावा तशा. मग पेन्सिल बाजूला ठेवून त्यांनी पेन घेतलं आणि आकडा लिहिला.

"हिच्यानं एकटीनं काई नाई होनार," त्या म्हणाल्या. "हिले लोकायले मदत मागा लागन. थे मी कधी केलं नाई." त्यांनी फासे पुन्हा मुठीत घेतले, खुळखुळवले. "पाहू कसं जमते."